बोळात न शिरणारी गाडी

दादा, तुमची गाडी मी विकली आणि तिच्या जागी मोठी घेतली. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, आणि सांगणारा मीच उरलोय. नवी गाडी आपल्या दारात नसते. ती फाट्यावर उभी असते, हॉटेलाच्या शेजारी, आणि मी सकाळी तोंड धुऊन आपल्याच गाडीपर्यंत पाहुण्यासारखा चालत जातो. वैताग आलाय मला तिचा. घेऊन अजून वर्ष व्हायचंय, आणि उद्या गेवराईकडचा एक माणूस तिला बघायला येणार आहे. त्याला द्यायची का ठेवायची, हे उद्यापर्यंत ठरवायचंय. घरात कुणाला विचारावं तर म्हणतात, तुझं तू बघ. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही तरी बोलणं अर्ध्यात टाकून उठून जाणार नाही.

आधी जुन्या गाडीचं बोलून घेतो, कारण तुम्ही पहिलं तेच काढणार. ती काही मी हौसेनं विकली नाही. तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षं ओढली तिला. हौदा खालून गंजून चाळणी झालता. कांदा भरून मोंढ्याच्या बाजाराला निघालं की अर्धी टरफलं रस्त्यावर सांडायची. डावं दार आतून सुतळीनं बांधलेलं. पहिला गिअर पडायचाच नाही, दुसऱ्यावर रडतखडत उचलायची. मिस्त्री म्हणाला, आता हिच्यात हात घालायला मला सांगू नका, मलाच लाज वाटती. तरी मी अजून एक सीताफळाचा हंगाम काढला तिच्यावर. शेवटी मांजरसुंब्याच्या घाटात, मागं सगळी कॅरेट भरलेली असताना, क्लच गेला आणि मी दुपारभर रस्त्याच्या कडेला सीताफळं पिकताना बघत बसलो. त्या दिवशी ठरवलं की बास झालं.

आपलं बापलेकांचं भांडण कायम एकाच गोष्टीवर. मी म्हणायचो, मोठी घेऊ. तुम्ही तंबाखू मळत म्हणायचा, "कावून? काय न्यायचंय तुला येवढं?" धंदा वाढल, मी म्हणायचो. "वाढला तर दोन खेपा मारू." संपलं बोलणं. कारण सांगायचं नाही, समजावायचं नाही. तुम्ही दोनदा गाडी बदलली आणि दोन्ही वेळा बीडला जाऊन तीच ती बुटकी, लहान तोंडाची गाडी घेऊन आलात. दुसऱ्या वेळी तर मी आठवडाभर तुमच्याशी धड बोललो नाही. लोकांच्या गाड्या वाढत गेल्या आणि आपली आपली तिथंच. त्यामुळं माझी पाळी आली तेव्हा कुठली घ्यायची ते माझ्या मनात आधीच पक्कं होतं.

शोरूमला तुमचा पुतण्या बरोबर आला, थोरल्या काकांचा. तो आता ग्रामपंचायतीत निवडून आलाय, त्यामुळं त्याला कुठलीच गोष्ट लहान चालत नाही. तिथं दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक आपल्यासारखी, फक्त नवी कोरी. दुसरी तिच्या दीडपट, लांब हौदा, उंच केबिन, आत गार हवा. लहानीत बसलो तर गुडघे स्टेअरिंगला टेकायला लागले. मोठीत बसलो आणि खरं सांगतो, उतरावंसं वाटेना. तुमचा पुतण्या खालून म्हणतो, "घ्यायची तर अशी घे बे, फाट्यावर उभी केली तर चार माणसांनी इचारलं पायजे, कुणाची हाय." आता ती फाट्यावरच उभी असते आणि चारच काय, चाळीस माणसं विचारतात. त्याचं तेवढं समाधान झालं.

मी काही डोळे मिटून घेतली नाही. आपला बोळ माझ्या डोक्यात होताच. म्हणून पक्की करायच्या आधी मी बैलाचा कासरा घेऊन शोरूमला गेलतो. आरसे मिटवले, गाडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कासरा ताणला आणि गाठ मारली. तिथले टायवाले तोंडावर हात ठेवून हसायलेते. मी म्हटलं, हसा. घरी येऊन तोच कासरा बोळात आडवा धरला. तोंडाशी धरला, मधे धरला, कोपऱ्यावरच्या काकूंच्या ओट्यापाशी धरला. सगळीकडं दोन्ही बाजूंनी वीतभर जागा. काकू ओट्यावर शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, "काय रं, बोळ इकायलास का काय?" मी म्हटलं, मोठी गाडी येणार आहे, काकू. "मोठी कावून?" म्हणाल्या. मला वाटलं, झालं, तुमची जागा यांनी घेतली.

रुंदी बरोबर निघाली, दादा. तिच्यात बोटाची चूक नव्हती. पण बोळ काकूंच्या ओट्यापाशी वळतो, आणि गाडीची लांबी मी मोजलीच नव्हती. आपल्याकडं बोळ म्हटला की कुणीही रुंदीच बघतो, कारण बैलगाडी कितीही लांब असली तरी बैल वळले की ती त्यांच्या मागं वळते. हिला बैल नाहीत. गाडी बोळात घातली तेव्हा सगळी गल्ली मदतीला बाहेर आली. एक मागून ओरडतोय, येऊ दे, येऊ दे, येऊ दे. एक म्हणतोय डावीकडं मार, एक म्हणतोय उजवीकडं. तोंड वळलं आणि ढुंगण मागं राहिलं. हौद्याचा कोपरा ओट्याला लागला, फरशीचा तुकडा खाली आला, आणि काकूंनी जे तोंड सोडलं ते अजून बंद झालेलं नाही. ओटा मी बांधून दिला, पहिल्यापेक्षा चांगला. तरी जाता-येता ऐकवतात. गाडी तशीच मागं मागं घेत बाहेर काढली आणि तेव्हापासून ती फाट्यावर.

फाट्यावर गाडी उभी करणं काय असतं, ते तुम्हाला माहीत नाही. तुमची दारात असायची. कुणाला काही न्यायचं असलं तर बोळ चालून यावं लागायचं, मायच्या हातचा चहा प्यावा लागायचा, पाऊसपाण्याचं बोलावं लागायचं, आणि मग काम निघायचं. तेवढ्यात निम्मे गळायचे. आता मी पोचायच्या आधी गाडीजवळ सामान येऊन पडलेलं असतं. कुणाच्या पुतणीच्या रुखवताचं कपाट. कुणाची नेकनूरच्या बाजारला न्यायची शेळी, शेळीबरोबर मालक, आणि मालकाबरोबर त्याचा मेव्हणा. ऊसतोडीला निघालेल्या भावकीच्या गाद्या, भांडी, कोंबड्या. मी म्हणतो, मोंढ्याला चाललोय, उशीर होतोय. तर म्हणतात, "आमी काय तुला थांबवायलाव का? मागं रिकामंच हाय की." आणि असतं रिकामं, हीच तर बोंब आहे. काहीही भरा, त्या हौद्यात एक कोपरा उरतोच.

तेव्हा मला तुमचं ते गाडीभोवती फिरणं आठवलं. कुणी गळ घातली की तुम्ही हो म्हणायचा नाहीत, नाहीही म्हणायचा नाहीत. उठायचा, गाडीला एक चक्कर मारायचा, हौद्यात वाकून बघायचा, एखादं पोतं उगीच इकडचं तिकडं सरकवायचा, आणि फार वाईट वाटल्यासारखं तोंड करून म्हणायचा, "न्हाई मावत, गड्या." समोरचाही वाकून बघायचा. त्यालाही पटायचं. राग आलाच तर गाडीचा यायचा. गावात तुम्ही कुणाला नाही म्हणाल्याचं कुणाला आठवत नाही, आणि कुणाची फुकटची शेळीही तुम्ही कधी नेली नाही. मी मात्र एवढी मोठी गाडी घेतली की आता नाही म्हणायचं तर माझ्याच तोंडानं म्हणावं लागतं. मागं एकाला तसं म्हणून बघितलं. त्याच्या घरातली माणसं अजून आमच्या दारावरून मान फिरवून जातात. त्यापेक्षा शेळी नेलेली परवडते. मग मोंढ्यात पोचायला उशीर, माल उतरायला उशीर, आणि घरी यायचं तर विचारूच नका.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. खरी अडचण मायची आहे. तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघालाय. तुम्ही असताना ती चुलीच्या उजेडात सुईत दोरा ओवायची. आता चहा ओतताना बशीत जातो आणि म्हणते, कपच वाकडा हाय. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, आजी, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. थेंब रोज घालायचे आणि नेमानं येऊन दाखवायचं, खेप चुकवायची नाही. जुनी गाडी होती तोवर प्रश्नच नव्हता. सुतळी सोडून दारातून बसायची आणि दवाखान्यापाशी उतरायची. मोठी घेतली त्या दिवसापासून तिनं गाडीत पाय ठेवलेला नाही.

पहिल्याच दिवशी बिनसलं. गाडी शोरूममधून थेट लिंबागणेशला नेली, पूजेला. माय आणि तुमची सून गावाहून तिथं आलत्या. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि पहिलं घरातलं मोठं माणूस बसतं म्हणून सगळे मायकडं बघायला लागले. माय आधीच ठेंगणी. तिनं लुगडं सावरलं, दांडी धरली, पाय उचलला. पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर. पाय पुरेना. पुन्हा उचलला, पुन्हा पुरेना. मी म्हटलं, थांब, उचलून बसवतो. "उचलायला मी काय पोतं हाय का?" ती म्हणाली, सगळ्या लोकांत. तुमचा पुतण्या नारळवाल्याचं स्टूल घेऊन आला, तोवर तिनं दांडी सोडली होती. "तुमी व्हा म्होरं," म्हणाली आणि सुनेला घेऊन एसटीनं घरी आली. नवी गाडी मी एकटा चालवत आणली.

मग मी काय काय केलं नाही ते सांगा. वेल्डिंगवाल्याकडून दाराखाली लोखंडी पायरी लावून घेतली, ती गावातल्याच गतिरोधकावर घासून वाकली. लाकडी स्टूल गाडीत ठेवलं, ते तिला नको. फाट्यापर्यंत चालायचं तर गुडघे दुखतात, आणि तिथं हॉटेलात बसलेली रिकामटेकडी टकमक बघत असतात, हेही खरंच. दवाखान्याची तारीख आली की तिचं काहीतरी निघतं. कधी पापड करायचे असतात, कधी अंग मोडून येतं. "म्होरल्या खेपेला जाऊ, डोळे काय पळून चाललेत का." एक तारीख गेली, दुसरी गेली. मी चिडलो, भरल्या ताटावरून उठलो. माय, आंधळी होशील, असं ओरडून बोललो. ते काकूंनी ओट्यावरून ऐकलं आणि गावभर केलं ते वेगळंच. तुमची सून म्हणाली, "त्यांच्यावर कावून वरडता? त्यांनी सांगितलंतं का मोठी घ्या म्हून?" तिचंही बरोबर होतं.

शेवटी गिऱ्हाईक शोधलं. गेवराईच्या माणसाचा फोन आला तसा मी मायजवळ जाऊन बसलो. ती लसूण सोलत होती, बोटांनी चाचपून. म्हटलं, माय, ही देऊन टाकतो आणि दादांच्यासारखी लहान घेतो, तुला चढता येईल अशी. तोटा व्हायचा तर होऊ दे. मला वाटलं, तोंडावर थोडं तरी हसू येईल. ती म्हणाली, "माझ्यासाठी नगं इकू. मी जाईन की एस्टीनं, सूनबाईला घिऊन. ह्या बेस्तरवारी जातो आमी." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग इतके दिवस का गेली नाहीस? "तू कुठं इचारलंस? तुझं आपलं एकच, गाडीतच चल, गाडीतच चल. मला न्हाई बसायचं गाडीत. मला गाडीत बसायला कधी आवडलंच न्हाई."

मी म्हटलं, काहीही काय बोलतेस, दादांच्या गाडीत तर रोज पुढं बसायचीस. मोंढ्यात काडीचं काम नसताना बसायचीस. आम्ही हसायचो, मायला गाडीची लई हौस म्हणून. तिनं हातावरची टरफलं फुंकून टाकली. "हौस कशाची. तुझ्या बापाला गाडी चालवताना झोप यायची. माल टाकून रिकामी गाडी निघाली, ऊन लागलं, की डोळे मिटायचा. एकदा माळाला खड्ड्यात घातलीती. तवाधरनं मी बसायला लागले. बोलत राह्याचं नुसतं. कुणाच्या घरी लगीन, कुणाची म्हस व्याली, कायबी. ऐकायचा न्हाई त्यो, पर जागा राह्याचा." मी विचारलं, आम्हाला कधी सांगितलं कसं नाही? "डायवर झोपतो म्हटल्यावर माल कोण दिल?" एवढंच म्हणाली. मग बोलता बोलता म्हणाली, "बीडला गाडी बघायला मलाच नेलतं. त्याला मोठीच पायजे व्हती, लई आवडलीती. माझा पाय पुरला न्हाई तर म्हणला, मग ही न्हाई." दोन्ही वेळा असंच झालं म्हणे.

काय म्हणू तुम्हाला, दादा. हे एक वाक्य मला सांगितलं असतं तर तुमचं काय बिघडत होतं? मी काय मोंढ्यात जाऊन दवंडी पिटणार होतो? वर्षानुवर्षं तुमचं "कावून" आणि "दोन खेपा मारू" ऐकत मी आतल्या आत जळत राहिलो. तुम्ही गेल्यावर सुद्धा जळत राहिलो. कासरा घेऊन बीडपासून बोळापर्यंत हिंडलो, आणि तुम्ही बोळ कधी मोजलाच नव्हता. माय एवढी वर्षं तुमच्या शेजारी बडबडत बसली आणि आम्ही तिला हौशी म्हणून चिडवलं, तेही तुम्ही गाडी चालवत ऐकलंत, गप्प. राग येतो मला तुमचा. मेलेल्या माणसावर रागावून उपयोग नसतो म्हणतात, पण येतो त्याला काय करू.

मायचं बोलून झालं, तिनं लसणाच्या पाकळ्या वाटीत टाकल्या, त्यातल्या एक-दोन बाहेर पडल्या. त्या मी उचलल्या. मग माझ्या दिशेनं तोंड करून तिनं विचारलं, "तुला तर न्हाई ना येत झोप?"

"न्हाई," मी म्हटलं.

"येत असली तर सांग. बोलायला काय डोळे लागत न्हाईत."

न्हाई माय, मला कशाला येतीय, असं म्हणून मी उठलो आणि उगीच फाट्यावर जाऊन आलो.

येते, दादा. ह्या गाडीत तर जास्तच येते. तुमच्या गाडीत दार खडखडायचं, खालून वारा यायचा, झोपतो म्हटलं तरी झोप लागली नसती. हिच्या काचा लावल्या की बाहेरचा आवाज नाही, गार हवा, मऊ शीट. सगळ्या गावाच्या शेळ्या आणि कपाटं पोचवून, मोंढ्यातून रिकामा परत निघालो की नेकनूरच्या अलीकडं डोळ्यांवर येतं. गेल्या महिन्यात चाक डांबर सोडून खडीवर गेलं आणि त्या आवाजानं मी जागा झालो. पुढं कडेनं एक माणूस मोटारसायकलवर दुधाच्या किटल्या घेऊन चाललेला. त्याला काही कळलं नाही. मी शेजारून गेलो तर ओळखीचा समजून त्यानं हात केला. पुढं जाऊन गाडी बाजूला घेतली आणि उतरून तोंडावर पाणी मारलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या सुनेलाही नाही.

उद्या त्या माणसाला गाडी देऊन टाकतो. तुमचा पुतण्या बोंबलेल, त्याला बोळाचं कारण सांगीन, ते साऱ्या गावाला पटलेलं आहे. बेस्तरवारी माय एसटीनं डोळे दाखवून येईल, म्हणजे तिच्यासाठी लहान गाडी घ्यायचं आता काही कारण राहिलेलं नाही, आणि हे तिलाही माहीत आहे. तरी घेणार लहानच. ती दारात येऊन उभी राहिली की माय तिला हात लावून बघेल, पायरी चाचपेल, आणि गाडी कुणाला झोप येते म्हणून आणली ते तिला कळेल. हा कागद तुमच्यापर्यंत कसा पोचवतात ते मला माहीत नाही, आणि तिला वाचून दाखवायचं माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून गाडीच बदलतोय.